भुयारातली सप्रेम भेट

नेटहॅक हा संगणकावरचा खेळ रोह्याजवळच्या धाटावच्या माणसाला समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. काळा पडदा, त्यावर अक्षरं, ठिपके आणि रेघा. तळाशी एका ओळीत प्रकृतीचे सगळे आकडे. मधूनच वर एक वाक्य उमटतं आणि ते वाचून होईपर्यंत उशीर झालेला असतो. एमआयडीसीत जन्मभर पाळ्या केलेला कुणीही ऑपरेटर म्हणेल, ‘अहो, हे तर आमचं जुनं कंट्रोल पॅनेल!’ फरक एवढाच, की तिथे पाळी संपली की रिलिव्हर येतो. खेळात कुणी येत नाही.

त्या पडद्यावर ईमेलच्या पत्त्यात असतं ते ‘अ‍ॅट’चं वेटोळं म्हणजे आपण. छोटा इंग्रजी ‘डी’ म्हणजे कुत्रा आणि मोठा ‘डी’ म्हणजे ड्रॅगन. दोघांत फरक फक्त शिफ्टचा, हे धाटावात कुणाला वेगळं सांगायला नको. भुयारात मजल्यामागून मजले उतरत जायचं, तळातून ‘येंडरचा ताईत’ काढायचा, तो घेऊन सगळे मजले पुन्हा चढायचे आणि शेवटी आपल्या देवाच्या वेदीवर वाहायचा. एकूण नवस फेडण्यातलाच प्रकार. मध्ये मेलात तर मेलात. साठवून ठेवलेला खेळ पुसला जातो आणि पुन्हा पहिल्या मजल्यावर, हातात गंजकं काहीतरी घेऊन, उभं राहावं लागतं.

या घराण्याचा मूळ पुरुष ‘रोग’ नावाचा खेळ. मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांनी तो १९८० च्या सुमारास रचला. १९८२ मध्ये जे फेनलासन या पोराने त्यावरून ‘हॅक’ केला आणि १९८७ मध्ये बऱ्याच जणांनी मिळून ‘नेटहॅक’. तो अजून फुकट मिळतो, अजून खेळला जातो, आणि मूळ रूपात त्यात अजून चित्रं नाहीत. येंडर हा कुणी प्राचीन महर्षी असावा असा माझा बरेच दिवस समज होता. तो ‘रॉडनी’ उलटा लिहिलाय.

पण मला बोलायचंय ते त्यातल्या वस्तूंबद्दल.

साध्या वस्तू शेकड्यांनी आहेत. तलवारी, चिलखतं, गुंडाळ्या, अंगठ्या, कांड्या, डबे, मेणबत्त्या. त्यांच्यावर बसलेल्या आहेत खास नावाच्या वस्तू. प्रत्येक जगात एकच, दुसरी मिळणार नाही. अशा एकंदर तेहेतीस. तेहेतीस म्हटलं की पुढे कोटी लावायची आपल्याला सवय, पण इथे नुसत्या तेहेतीस. आर्थर राजाची एक्सकॅलिबर आहे, नॉर्स देवाचा हातोडा म्यॉलनिर आहे, टोल्किनच्या गोष्टींतली स्टिंग आहे, लुईस कॅरॉलच्या कवितेतून उचललेलं व्होर्पल पातं आहे, जपानी मुरामासाचं त्सुरुगी आहे. आपल्याकडची एकही नाही. नाग मात्र चांगले चार जातींचे घेतलेत, राक्षसांच्या यादीत. म्हणजे मरायला आपले आणि मारायला त्यांचे.

या वस्तू मिळवण्याच्या पद्धती जर कुठल्या सेफ्टी ऑफिसरने वाचल्या तर तो तिथेच खुर्चीत बसेल. एक्सकॅलिबरचंच घ्या. साधी लांब तलवार घ्यायची, पाचव्या पायरीपर्यंत अनुभव कमवायचा, आणि भुयारातलं एखादं कारंजं गाठून त्यात ती बुडवायची. काही झालं नाही? परत बुडवायची. कधी पाण्यातून सापांचं वेटोळं निघतं, कधी जलपरी निघते आणि अंगावरचं काहीतरी चोरून पळते, कधी थेट सैतान. तरी बुडवत राहायचं. एखाद्या वेळी खोलातून एक हात वर येतो, तलवारीला आशीर्वाद देतो, आणि कारंजंच नाहीसं होतं. मात्र हे नियमाने चालणाऱ्या सज्जनांसाठी. तुमचा पंथ वेगळा असेल तर आशीर्वादाऐवजी तलवारीला शाप लागतो. अज्ञात द्रव, परमिट नाही, सोबत माणूस नाही आणि ‘होईपर्यंत करत राहा’ ही कार्यपद्धती! आमच्याकडे रिकाम्या टाकीत उतरायचं तर आधी आतली हवा तपासतात, पाइपांना ब्लाइंड लावतात, तोंडाशी एक माणूस उभा करतात आणि कागदावर चार सह्या लागतात. तेवढं करून आत तलवार मिळत नाही, गाळ मिळतो.

औषधांच्या बाटल्यांचं त्याहून वाईट. दुधाळ, धुरकट, फसफसणारं, तपकिरी अशी त्यांची वर्णनं, आणि कुठल्या रंगात कुठलं औषध हे प्रत्येक खेळात बदलतं. काल ज्या तपकिरीने जखमा भरल्या, तीच तपकिरी आज आंधळं करते. थोडक्यात, लेबल नसलेला ड्रम. केमिकल कारखान्यात याच्यापुढे भूत परवडलं. आणि ओळखायचं कसं, तर पिऊन! आमच्या भागातले जुने लोक निदान वासावर थांबतात. वारा कुठून आहे आणि आज कुठल्या प्लँटला कुठली बॅच लागली आहे, हे दारात उभं राहून सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. खेळातही बाटली फुटली की नुसत्या वाफेवरून थोडं कळतं. ते वाचल्यावर मला लिहिणाऱ्याबद्दल आपुलकी वाटली.

एका बाबतीत तर ते लोक आमच्याही पुढे गेलेत. पाण्यात आम्ल सावकाश ओतावं, आम्लात पाणी कधी ओतू नये, हे आमच्याकडे पाढ्यासारखं घोकून घेतात. नेटहॅकमध्ये आम्लाची बाटली पाण्यात बुडवली तरी स्फोट होतो. योग्य क्रमालाही सवलत नाही. तसंच एक जादूचं पोतं असतं, भरपूर सामान गिळणारं आणि त्याचं वजन कमी करणारं. त्यात ‘रद्द करणारी कांडी’ चुकून ठेवली की पोतं फुटतं आणि सामान बेपत्ता. कशाशेजारी काय ठेवू नये याचा तक्ता आमच्या स्टोअरच्या भिंतीवर टांगलेला असतो. खेळात तो तक्ता दर वेळी एक जीव देऊन मिळतो.

हातमोज्यांचं प्रकरणही सांगण्यासारखं आहे. कॉकट्रिस म्हणून कोंबडीवजा एक प्राणी आहे. त्याच्या मेलेल्या अंगाला उघडा हात लागला की माणसाचा दगड होतो. पण हातमोजे घालून तेच मढं हातात धरलं तर ते जगातलं सर्वांत जबर हत्यार, कारण ज्याला लागेल त्याचा दगड. मग खेळाडू मोठ्या ऐटीत मेलेली कोंबडी परजत निघतो. अशा वेळी पाठीवर जास्त ओझं असलं आणि जिना उतरताना तोल गेला, तर पडताना मढं अंगाला लागतं आणि हातमोज्यांसकट पुतळा होतो. सुरक्षा सप्ताहात भाषणांऐवजी हे दाखवा. ओझं घेऊन जिन्यावरून धावणारा एक माणूस उरणार नाही.

दुकानांतही ओळखीच्या खुणा सापडतात. हातात कुदळ असेल तर दुकानदार दारातच अडवतो, ‘ती बाहेर ठेवा.’ आमच्या गेटवर काडेपेटी, लायटर आणि मोबाइल ठेवून आत जावं लागतं, तेव्हा त्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही. खेळातल्या पात्रांत एक ‘पर्यटक’ आहे. अंगात हवाई बेटांवरचा फुलाफुलांचा शर्ट, गळ्यात महागडा कॅमेरा, खिशात पैसे, लढण्याचं ज्ञान शून्य. तो शर्ट दिसला की दुकानदार भाव एक तृतीयांशाने वाढवतात. भिऱ्याच्या वीजघराचं पाणी सकाळी कुंडलिकेत सुटतं आणि कोलाडला राफ्टिंगसाठी मुंबईकर उतरतात, तेव्हा त्यांचे शर्ट मी पाहिले आहेत. भावाबद्दल मी काही बोलणार नाही, मलाही इथेच राहायचंय. या पर्यटकाच्या वाट्याची खास दैवी वस्तू म्हणजे एक प्लॅटिनमचं क्रेडिट कार्ड.

देवांचंही सगळं रीतसर आहे. वेदीवर ताजे बळी चढवत राहिलं तर देव प्रसन्न होऊन नावाची एखादी वस्तू पायाशी टाकतो. पण लागोपाठ प्रार्थना केली तर चिडतो. मधे पुरेसा वेळ जाऊ द्यावा लागतो. रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखीला पोलिसांची सशस्त्र मानवंदना असते. अशा देवाच्या छत्राखाली राहणाऱ्यांना ऊठसूट देवाला कामाला लावायचं नसतं हे निराळं शिकवावं लागत नाही.

आता मुद्द्याचं. खेळात कुठल्याही वस्तूला आपण नाव देऊ शकतो. एल्फ लोकांचा साधा खंजीर हाती लागला आणि त्याला तुम्ही ‘स्टिंग’ असं नाव दिलंत, तर तो खरोखरच स्टिंग होतो. तेच त्याच्या मोठ्या बहिणीचं, ऑर्क्रिस्टचं. बाकीच्यांच्या बाबतीत मात्र ही लबाडी चालत नाही. साध्या तलवारीवर ‘एक्सकॅलिबर’ लिहायला गेलात तर ‘कोरताना तुमचा हात सरकला’ असा निरोप येतो, एक अक्षर भलतंच पडतं आणि तुमची तलवार एक्सकॅलिदर की कायशी होऊन बसते.

हे वाक्य वाचलं आणि माझ्या डोळ्यांपुढे भुयार राहिलं नाही, रोह्याच्या बाजारातलं भांड्यांचं दुकान आलं.

ज्यांच्या घरात स्टीलची भांडी आहेत त्यांना सांगायला नकोच. पण ज्यांची पिढी मेलामाइनवर वाढली त्यांच्यासाठी सांगतो. भांडं विकत घेतलं की त्यावर नाव घालून मिळतं. दुकानदाराचा मुलगा पेनासारखं एक यंत्र हातात धरतो, वायर भिंतीत असते, यंत्र किर्रर्र करतं आणि टोकाखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उमटत जातात. दातांत कळ येते, पण बघत राहावंसं वाटतं. ‘काय टाकायचं काका?’ असं तो विचारतो आणि आपण चिठ्ठी पुढे करतो. चिठ्ठीवर चिरंजीव सौभाग्यकांक्षिणीपासून सुरुवात असते, मग मुलीचं नाव, ‘हिच्या विवाहाप्रीत्यर्थ’, मग देणाऱ्या आत्याबाईंचं नाव, नात्यासकट, मग ‘यांजकडून सप्रेम भेट’, मग तारीख. एवढा मजकूर एका पेल्यावर! मुलगा चिठ्ठी बघतो, पेला बघतो आणि कोरायला लागतो. सौभाग्यकांक्षिणी दिमाखात येते. मुलीचं नाव जरा बारीक होतं. आत्याबाईंपाशी येईपर्यंत पेला फिरून पुन्हा सौभाग्यकांक्षिणी समोर दिसायला लागलेली असते. मग ‘सप्रेम’ खालच्या काठाला आणि ‘भेट’मधला ‘ट’ पेल्याच्या बुडाला जातो, किंवा कुठेच जात नाही. आमचा एक डबा आहे, त्याच्या झाकणावर स्वच्छ अक्षरांत ‘सप्रेम भे’ एवढंच आहे. त्यात भ्यायचं काय आहे ते देणाऱ्यांनाच ठाऊक.

हात सरकल्याची उदाहरणं तर घराघरात. मालतीची मालटी होते, ‘वहिनी’तली वेलांटी उलटते, ‘प्रीत्यर्थ’ हा शब्द नीट कोरलेलं भांडं मी अजून पाहायचा आहे. पण एकदा कोरलं की खोडता येत नाही. एका ओळखीच्या काकूंच्या माहेरच्या सगळ्या भांड्यांवर त्यांचं नाव एका अक्षराने चुकीचं आहे. पन्नास वर्षांत सासरी कुणी त्यांना त्या नावाने हाक मारली नाही, पण पातेली त्यांना त्याच नावाने ओळखतात.

नावाच्या वस्तूचा खेळातला दुसरा नियम असा की ती ज्याची नाही त्याने उचलली तर तिच्या तेजाने तो होरपळतो. बरोबर हाच नियम डब्यांना लागू आहे. कॉलनीत डबे फिरत असतात. गणपतीत मोदक, दिवाळीत चिवडा, उन्हाळ्यात फणसाचे गरे. डबा रिकामा परत करायचा नाही, त्यामुळे तो परत येताना पोहे किंवा पेणचे पापड घेऊन येतो, आणि हा व्यवहार कुठल्याच बाजूला कधी संपत नाही. यात बिननावाचे डबे हरवतात. ते कुणाचेच नसतात, म्हणून सगळ्यांचे होतात. नावाचा डबा मात्र बदली होऊन नागपूरला गेलेल्या कुटुंबाकडूनही चार वर्षांनी एखाद्या लग्नात परत हातात पडतो. आणि नाही पडला, तर एखाद्या हळदीकुंकवाला, भर बायकांत, तिळगुळाचा डबा पुढे आल्यावर पाहुणी तो हातात घेते, जरा उजेडाकडे धरते आणि गोड आवाजात म्हणते, ‘अगंबाई, हा आमच्या आत्याबाईंचा ना?’ होरपळणं म्हणजे काय ते यजमानीणबाईंच्या चेहऱ्यावर पाहून घ्यावं.

ही कोरायची हौस स्टीलबरोबर आली असं कुणी समजू नये. रोह्याहून तळ्याच्या बाजूला गेलं की मांदाडजवळ, खाडीच्या वर, कुड्याची लेणी आहेत. डोंगर पोखरून काढलेल्या सव्वीस गुंफा. आत शिरलं की खोलीतून खोली आणि अंधारातून ओटा, अगदी नेटहॅकमधला मजला. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या महाभोज सत्ताधीशांच्या काळात बौद्ध भिक्खूंसाठी ती कोरली गेली. आणि कोरून झाल्यावर भिंतीवर काय लिहिलं? ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत, हे कुणी दिलं ते. महाभोजांच्या घरच्या मंडळींची नावं आहेत, एका वैद्याचं आहे, एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचं आहे, एका माळ्याचं आहे. अमक्याचा मुलगा अमका, त्याचं हे दान. गुंफेच्या भिंतीला जागा भरपूर, त्यामुळे ‘ट’ सुटलेला नाही. माळ्याने दिलेलं लेणं अजून माळ्याच्या नावावर आहे, सातबारा न लागता. आपण मात्र तिथे सहलीला जाऊन शेजारी कोळशाने स्वतःचं नाव लिहितो, काही न देता.

तलवारींकडे वळलं तरी तेच. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले, त्यांची म्हणून ओळखली जाणारी एक तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात निघाली. ती महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली आणि त्या ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पातं युरोपी बनावटीचं, म्हणजे फिरंग. आणि त्यावर सोन्याने देवनागरीत काय लिहिलंय? श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा. म्हणजे बाहेरून आणलेली वस्तू, तिच्यावर आपल्या अक्षरांत आपलं नाव. सेनासाहेबसुभा असोत की आमच्या आत्याबाई, नाव नसतं तर ती वस्तू आज कुणी आपली म्हणून ओळखली नसती. त्या काळच्या कारागिराचं मात्र कौतुक करायला हवं. एवढी मोठी पदवी, आणि तीही पात्याच्या पाठीवर, पण शेवटचं अक्षर मुठीत शिरलं नाही.

हात सरकतो तो साहेबांचाही. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात, आधी साताऱ्याच्या संग्रहालयात, आली. रांगा लागल्या. सोबत त्यांची जुनी पेटीही आहे. साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याला पेशव्यांच्या पंतप्रधानाने ती नखं भेट दिली, असा मजकूर तिच्यावर इंग्रजीत आहे. म्हणजे तीही सप्रेम भेटच, सप्रेम किती ते सोडा. त्याच मजकुरात लिहिलंय की शिवाजीराजांनी या नखांनी मोगल सेनापतीला मारलं. आता अफझलखान विजापूरच्या आदिलशहाचा सरदार, हे आपल्याकडे चौथीचं पोर सांगेल. खानाला प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी मारलं, हेही सांगेल. पेटीवाल्याने बसल्या जागी दिल्ली-विजापूर एक केलं. ही नखं तीच का, याची खात्री देता येत नाही असं संग्रहालय स्वतःच म्हणतं. आपल्याकडे त्यावरून व्हायचे ते वाद झाले. वस्तूला नाव पडलं की ती वस्तू राहत नाही, खटला होते. महाराजांना त्या दिवशी शस्त्र हवं होतं, ते त्यांनी वापरलं आणि काम झालं. पेटी, मजकूर आणि वाद ही मागाहून आलेल्या रिकाम्या लोकांची कामं.

वस्तू फार दुर्मीळ झाली की आणखी एक गंमत होते, तिचं नाणं होतं. ‘डायब्लो’ या खेळाच्या २००० साली आलेल्या दुसऱ्या भागात ‘जॉर्डनचा खडा’ नावाची एक अंगठी होती. सोन्याच्या मोहरा इतक्या झाल्या होत्या की त्यांना कुणी विचारेना. मग खेळाडू सगळे सौदे या अंगठ्यांमध्ये करू लागले. पुढे लबाडीने अंगठ्यांच्या नकला निघाल्या आणि व्हायची तीच भाववाढ झाली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख रोह्याचे. १९४३ ते १९४९ या त्यांच्या काळातल्या नोटांवर त्यांची सही असायची. त्यांना हा प्रकार सांगितला असता तर त्यांनी चष्मा पुसून ‘नकला थांबवा’ एवढंच सांगितलं असतं, असा आपला माझा अंदाज. आता मौज बघा. त्या सहीच्या नोटा आज खर्चायला कुणी काढणार नाही, हौशी लोक प्लास्टिकच्या पिशवीत जपतात. नाव उमटलं की पैसासुद्धा चालायचा थांबतो.

हे नुसतं जपून ठेवणं, हीच खरी गोम आहे. नेटहॅकमध्ये माणसं कशाने मरतात? ड्रॅगनने कमी, संकोचाने जास्त. इच्छा पूर्ण करणारी कांडी पोत्यात आहे, पण ती ‘नंतर लागेल’ म्हणून काढायची नाही. शेवटच्या दहा श्वासांतही ‘एवढ्यासाठी कशाला’ म्हणून साधी सुरी परजत राहायचं. आमच्या घरी वरच्या फळीवर नावांची भांडी ओळीने उभी आहेत, चकचकीत, आतून कोरडी. रोजचा भात ज्या पातेल्यात होतो त्याचं बूड काळं आहे, एक कान गेलेला आहे आणि त्यावर कुणाचंही नाव नाही. कारखान्यातही तोच न्याय. स्टोअरमध्ये पेटीबंद आयात केलेला पान्ह्यांचा संच असतो, त्याच्या सहीसाठी साहेब शोधावा लागतो. आणि रात्री दोनला फ्लँज गळायला लागली की फिटर खिशातून स्वतःचा जुना, झिजलेला पान्हा काढतो आणि म्हणतो, ‘साहेब, बॅटरी तेवढी इकडे धरा.’ काम झालेलं असतं.

नेटहॅक खरोखर पुरा करणारे जाणते लोकही एक्सकॅलिबरच्या आरत्या ओवाळत नाहीत. ते विचारतात, कुदळ मिळाली का? एकशिंगी घोड्याचं शिंग मिळालं का? कुदळीने भिंत फोडून पळता येतं, शिंगाने आंधळेपणा आणि भोवळ उतरते. दोन्ही वस्तूंना नाव नाही. आणि शेवटी ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो येंडरचा ताईत! त्या भुयारात त्याच्या प्लास्टिकच्या स्वस्त नकलाही ठेवलेल्या आहेत, दिसायला अगदी हुबेहूब. खोटा ताईत छातीशी धरून माणूस पन्नासेक मजले चढण्याची तयारी करतो, आणि मेल्यावर गुणांचा हिशेब होताना कळतं की याची किंमत शून्य.

मेल्यावर, म्हणजे अगदी लगेच. नेटहॅकमध्ये माणूस मेला की पडद्यावर पहिला प्रश्न येतो, ‘तुमच्याकडच्या वस्तू ओळखून दाखवू का?’ वेळ बघा, काळ बघा! पण सगळे ‘हो’ म्हणतात, आणि मग यादी उलगडत जाते. ती धुरकट बाटली, जी विष असेल म्हणून आपण प्यायलो नाही, ती जखमा भरणारी होती. बोटातली अंगठी, जिच्यावर आपला जीव होता, ती भूक वाढवणारी होती. आणि ती जुनी गुंडाळी, वाचायची राहिलेली, ती आपल्याला त्या खोलीतून उचलून दुसरीकडे नेऊन सोडणार होती. आपल्याकडे तेराव्यानंतर म्हाताऱ्या माणसाचं कपाट उघडतात तेव्हाही हेच होतं. न फाडलेली पाकिटं, घडी न मोडलेलं धोतर, पुतण्याने दुबईहून आणलेलं आणि कधीच न उघडलेलं अत्तर. यादी वाचणारे दुसरे, वापरायचा वेळ गेलेला.

तेव्हा माझा निकाल साधा आहे. खेळात काय किंवा घरात काय, जी वस्तू काढताना हात कचरतो ती काढावी. कांडी फिरवावी, बाटली प्यावी (खेळातली; ड्रममधली नव्हे), आत्याबाईंच्या पातेल्यात बेलाशक आमटी करावी. खराब होईल तेवढी होईल. नाव तर तसंही पुसत नाही.

आणि एक जाहीर विनंती. झाकणावर ‘सप्रेम भे’ एवढंच लिहिलेला आमचा स्टीलचा डबा गेल्या दिवाळीत चिवडा घालून कॉलनीत गेला तो अजून परतलेला नाही. धाटाव, रोहा, कोलाड, फार तर पेण, एवढ्याच टापूत तो असणार. ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया आणून द्यावा. रिकामा दिलात तरी माझी काही हरकत नाही. घरच्यांच्या वतीने मात्र मी शब्द देऊ शकत नाही.